पटसंख्या व शैक्षणिक संपादणूक (उच्च प्राथमिक शाळा)

सरकारी शाळेच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत कोणती मुले दाखल आहेत आणि ती किती शिकली, याची एकत्रित मांडणी. महाराष्ट्रात ती मुख्यतः जिल्हा परिषद व नगरपालिका शाळांबाबत केली जाते.

टप्प्याची सीमा वादाची आहे. पूर्वी पाचवी ते सातवी हा उच्च प्राथमिक टप्पा असे आणि आठवीपासून माध्यमिक शाळा सुरू होई. जुनी ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षाही सातवीअखेरच होती. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने (अंमल १ एप्रिल २०१०) हा टप्पा सहावी ते आठवी ठरवला. तरी जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा आजही सातवीलाच संपतात. मुले दाखला घेऊन दुसरीकडे जातात आणि आठवीची संपादणूक त्या दुसऱ्या शाळेच्या नावे नोंदली जाते. त्यामुळे अशा शाळेची तुलना सहावी-सातवीवरून करणे अधिक ग्राह्य वाटते.

पट म्हणजे हजेरीपटावरील नावे, उपस्थिती वेगळी. महिन्याच्या रोजच्या उपस्थितीची बेरीज भागिले कामाचे दिवस म्हणजे सरासरी हजेरी. ३५ पटाच्या वर्गात २४ दिवसांची बेरीज ६७२ असेल, तर सरासरी २८, म्हणजे ८० टक्के. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली, ती कागदावरचा पट आणि वर्गातील मुले यांतील फरक शोधण्यासाठीच.

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. ऊसतोड मजुरांचे स्थलांतर साधारणपणे त्यानंतर सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे मात्र १३ नोव्हेंबर २०१७ व १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली; ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यांकन केंद्राचे सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी. बीडसारख्या जिल्ह्यात पटावरची काही मुले त्या दिवशी पालकांसोबत ऊसाच्या फडावर असतात. म्हणून पट, हजेरी व निकाल हे तीन आकडे तारखेसह वाचावेत. तारीख नसलेला आकडा तुलनेस घेऊ नये.

या टप्प्यावर ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना किमान एकेक शिक्षक अपेक्षित आहे. पट १०० च्या वर गेल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक. पट घटला की पद जाते, आणि एकाच शिक्षकाकडे दोन विषयगट आले की गणित आधी मागे पडते.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात (२०१०) आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) व संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन यांचा भार सहावीस ५०:५०, तर सातवी-आठवीस ४०:६० आहे. त्यामुळे सहावीतून सातवीत गेल्यावर घसरलेली श्रेणी ही शिकण्यातील घट असेलच असे नाही.

सामाजिक प्रवर्गनिहाय नोंद युडायसमध्ये (शाळांच्या देशव्यापी माहिती प्रणालीत) होते. वर्गात एका प्रवर्गाची दोन-तीनच मुले असतील, तर त्यांची वेगळी टक्केवारी देऊ नये. १२ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजेच ८.३ टक्के, शिवाय अशा तक्त्यातून ते मूल कोणते हे गावाला कळते.