कापूस वेचताना कानात पुस्तक

कापूस वेचायला हात लागतात, डोळे लागतात. कान मात्र दिवसभर रिकामे असतात. बांधावरचं गवत कापताना तेच, लातूरहून संभाजीनगरला निघालेल्या एसटीत खिडकीशी बसल्यावरही तेच. या रिकाम्या कानांसाठी बोलती पुस्तकं फुकट आणि कायद्यात बसून मिळतात. तरी पुष्कळ जण दोन दिवस ऐकतात आणि सोडून देतात. आवड नसते असं नाही. बहुतेक वेळा फाइल, वेग किंवा आवाज यांतलं काहीतरी बिनसलेलं असतं आणि ते दुरुस्त करता येतं.

आधी फुकट म्हणजे काय ते बघू. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावरचे हक्क (कॉपीराइट) टिकतात आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्या शब्दांवर तर कुणाचाच हक्क नाही. पण वाचणाऱ्याच्या ध्वनिमुद्रणाला वेगळा हक्क असतो. परवाच्या कादंबरीचं वाचन कुणी यूट्यूबवर टाकलं म्हणून ते खुलं होत नाही.

खुल्या पुस्तकांचा मोठा साठा लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर आहे. २००५ पासून स्वयंसेवक तिथे प्रकरणं वाचून देतात आणि फाइली इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ठेवल्या जातात. यात इंग्रजीचा भरणा फार, मराठी अगदी थोडं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी कानावर पडायला मात्र हे सोन्यासारखं आहे. दृष्टिहीनांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. तिथे सदस्य नोंदणी करावी लागते.

एमपीथ्री फाइल घेताना सेकंदाला ६४ किलोबिटची घ्या. हिशोब सोपा आहे: आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे तासाला साधारण २९ एमबी. दहा तासांचं पुस्तक तीनशे एमबीच्या आत बसतं. १२८ किलोबिटची फाइल बरोबर दुप्पट जागा खाते आणि एकट्या माणसाच्या बोलण्यात फरक जेमतेम जाणवतो. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, तेवढा भाग एमपीथ्री गाळून टाकते. सतार-तबला एकत्र वाजताना ही गाळणी खुपते, बोलण्यात फारशी नाही. फाइल घरी वायफायवर उतरवून ठेवा. घाटात आणि माळरानावर रेंज जाते तेव्हा उतरवलेली फाइलच उपयोगी पडते.

मराठीसाठी दुसरा रस्ता म्हणजे विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावरचा मजकूर फोनकडूनच वाचून घेणं. सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा आणि गूगलच्या इंजिनचा मराठी आवाज उतरवून घ्या. इथे दोन अडचणी येतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. त्यात अक्षरं नसतात, म्हणून फोन मुका राहतो. ती गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की अक्षरं सुटी होतात. दुसरी अडचण आपल्या लिपीची आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, पण लिहायला एकच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हेही लिहून सारखंच. यंत्राला संदर्भ कळला नाही की गुरांचा चारा भलत्याच च ने येतो. दोन-तीन प्रकरणांनी कान सरावतो. कविता मात्र यंत्राकडून ऐकू नयेच.

वेगाच्या बाबतीत घाई नडते. वेग वाढवताना ॲप आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करतं, मधले काही गाळतं आणि उरलेले एकमेकांवर सरकवून जोडतं. म्हणून आवाज चिरका होत नाही. पण स्वर लांब असतात, ते काटछाट सोसतात. क आणि ख, प आणि फ यांतला फरक हवेच्या बारक्या फुंकरीवर तगतो आणि ती आखूड झाली की शब्द निसटतात. १.२५ पट वेगापर्यंत बहुतेकांना जमतं. भाकरी थापताना मात्र १ वरच ठेवा, कारण प्रत्येक थापेखाली एखादं अक्षर दबतंच आणि सावकाश वाचनात ते भरून काढायला डोक्याला वेळ मिळतो. हातानं काम करत ऐकणं जमतं. ऐकता ऐकता व्हॉट्सॲप वाचणं जमत नाही, कारण दोन्हीकडे शब्दच असतात.

एसटीत इंजिनाची घरघर बोलणं गिळते आणि आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. ९० ला ती ४ तासांवर येते. आवाज वाढवण्यापेक्षा कानात घट्ट बसणारी रबरी बोंडं लावा, बाहेरची घरघरच कमी होते. मोटारसायकलवर मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

स्क्रीन बंद होताच पुस्तक थांबतं, ही नेहमीची तक्रार. बॅटरी वाचवायला फोन ॲप झोपवतो. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. प्रकरण एकनंतर थेट दहा लागलं तर नावात ०१, ०२ करा. ट्रॅक्टरच्या टेपवर एवढ्यानं भागेलच असं नाही: बरेच स्वस्त टेप नाव बघत नाहीत, पेन ड्राइव्हवर फाइल कोणत्या क्रमानं आली ते बघतात. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये (फॉरमॅट करताना यादीत दिसणारा FAT32 हा पर्याय) फॉरमॅट करून प्रकरणं एकेक, ओळीनं कॉपी करा.

वेचणीला चार-पाच बाया एका ओळीत असतील तर ब्लूटूथ स्पीकर बरा. उघड्या रानात आवाज परतवायला भिंत नसते. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर खणखणीत असलेलं वाचन आठ मीटरवर १८ डेसिबलनं खाली जातं, त्यात दाट पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडांची) पानं बारीक व्यंजनं शोषतात. म्हणून स्पीकर बांधावर ठेवू नका. मधल्या बाईच्या खांद्याला, पऱ्हाटीच्या शेंड्यांच्या वर येईल असा अडकवा, म्हणजे ओळ पुढे सरकेल तसा तोही सरकेल.