विकतच्या पिक्चरची घरगुती कॉपी : कायदा इथवर कसा आला

ऐंशीच्या दशकात मराठवाड्यात पिक्चरची कॅसेट विकत घेणारं घर विरळाच. गणपतीत वर्गणी काढायची, टीव्ही-व्हीसीआर रात्रभराच्या भाड्यानं आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन पिक्चर उरकायचे, ही रीत. कॉपी करायची तर दोन व्हीसीआर वायरनं जोडावे लागत. तीन तासांच्या पिक्चरला कॉपीसाठीही तीनच तास, आणि कॉपीची कॉपी काढली की रंग उडालेच.

कायदाही तेव्हा याबाबतीत कडक होता. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. संशोधन किंवा खासगी अभ्यासासाठी ‘रास्त वापरा’ची सवलत त्यात होती, पण पुस्तकं, नाटकं, संगीत, चित्रं यांनाच. सिनेमा त्या यादीत नव्हता. १९८४ च्या दुरुस्तीनं व्हिडिओचोरांना लगाम घातला : कॅसेटच्या वेष्टनावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि हक्कदाराचं नाव-पत्ता हवा, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरवरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला घरी रेकॉर्ड करणं गैर नाही. आपल्याकडे वाद निघाला की हाच दाखला तोंडावर फेकला जातो. तो इथं चालत नाही.

पिक्चर ‘आपल्या मालकीचा’ झाला तो २००७ नंतर, मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली तेव्हा. डिस्कवर ओरखडा पडला की गेली. मग कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायची हौस आली. पण स्टॅण्डाजवळच्या दुकानांत ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ हा धंदाही जोरात होता. २००९ मध्ये राज्यानं गुंडांना स्थानबद्ध करायच्या एमपीडीए कायद्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला ‘व्हिडिओ पायरेट’ही बसवले. रोख धंदेवाल्यावर होता, घरच्या कपाटावर नव्हता.

खरा बदल २१ जून २०१२ ला झाला, कॉपीराइट कायद्याची नवी दुरुस्ती लागू झाली तेव्हा. कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून ‘कोणत्याही कृती’चा खासगी किंवा वैयक्तिक रास्त वापर चालेल, असं कलम ५२ मध्ये आलं आणि सिनेमा आत शिरला. मात्र ‘रास्त’ म्हणजे किती प्रती, हे आकड्यांत कुठेच नाही. स्वतःच्या डिस्कची एक प्रत स्वतःपुरती ठेवणं त्यात बसावं, असं माझं वाचन. तीच शेजाऱ्यांना वाटत सुटणं बसणार नाही.

राहिलं कुलूप, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून डिस्कवर घातलेली तांत्रिक आडकाठी. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात डिस्कचं कुलूप तोडणंच मुळात मना. आपलं कलम ६५अ हेतू बघतं : कॉपीराइटचा भंग करायला तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्यानं मना नसलेल्या कामासाठी तोडायला दुसऱ्यानं मदत केली, तर त्यानं तुमचं नाव, पत्ता, कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. मेमरी कार्ड भरणाऱ्याच्या गल्ल्याशेजारी असं रजिस्टर, कल्पना करून बघा!

लग्नाच्या कॅसेटची गोष्ट वेगळी. पैसे देऊन शूटिंग करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिली मालकी शूटिंग करून घेणाऱ्याची, फोटोग्राफरची नव्हे. ती पेन ड्राइव्हवर घ्यायला कुणाला विचारायला नको. फक्त वरातीच्या शॉटवर स्टुडिओवाल्यानं जे फिल्मी गाणं चढवलंय, त्याचा मालक तिसराच.