मांसाहारी माशाच्या ताटात सोयाबीन

नॉर्वेच्या समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवला जाणारा सामन हा जातिवंत शिकारी मासा. 1990 साली त्याच्या खाद्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्रातूनच यायचा: छोट्या मासळीची भुकटी, म्हणजे फिशमील, आणि तिचंच तेल. 2020 पर्यंत हा वाटा बावीस-तेवीस टक्क्यांवर आला. सत्तर टक्क्यांहून जास्त जागा सोयाबीन, गहू, वाटाणा आणि वनस्पती तेलांनी घेतली. तीस वर्षांत एक शिकारी बराचसा शाकाहारी झाला, आणि तेही त्याला न विचारता!

असं करण्यावाचून इलाज नव्हता. जगातलं बरंचसं फिशमील पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा या बोटभर माशापासून बनतं. 1970 मध्ये पेरूत हा मासा एक कोटी वीस लाख टनांच्या घरात पकडला गेला. बेसुमार मासेमारी सुरू होतीच, त्यात 1972 चा एल निनो आला, म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी तापलं. 1973 ची पकड जेमतेम वीस लाख टनांच्या आसपास होती. 2023 मध्येही एल निनोमुळे तिथला पहिला हंगाम रद्द करावा लागला. समुद्रातून येणारी मासळी वाढत नाही आणि मत्स्यशेती मात्र वाढतेच आहे, तेव्हा प्रथिनं शेतातूनच आणावी लागणार होती.

तत्त्व सोपं आहे. माशाला फिशमील लागत नाही, त्याला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, लागतात. त्यातली दहा त्याला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी पडतं, मक्याच्या आणि गव्हाच्या ग्लुटेनमध्ये लायसिन. ही उणीव कारखान्यात बनवलेली अमिनो आम्लं मिसळून भरून काढता येते. शिवाय सामनला पिष्ट नीट पचत नाही, म्हणून नुसतं पीठ घालून पोट भरवण्याची सोय नाही.

खरी अडचण वेगळीच होती. बी ही वनस्पतीची पुढची पिढी, आणि ती कुणी सुखासुखी खाऊ नये यासाठी वनस्पतीने बंदोबस्त करून ठेवलेला असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिनं असतात. ती उष्णतेने निकामी होतात, त्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला. पण भाजलेली सोया पेंड खाऊनही सामनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येऊ लागली. संशोधकांचा माग सॅपोनिनपर्यंत पोहोचला. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या रसायनांमुळे. उष्णतेला ती दाद देत नाहीत, पण पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून पेंड अल्कोहोलने धुतात. सॅपोनिनबरोबर न पचणाऱ्या शर्कराही निघून जातात आणि साठ टक्क्यांहून जास्त प्रथिनं असलेलं सोया कॉन्सन्ट्रेट उरतं. सामनच्या खाद्यात आज जाते ती ही धुतलेली सोया, त्यातली बरीच ब्राझीलमधून आलेली.

प्रथिनांचं गणित असं जमलं. चरबीचं मात्र पूर्ण जमलेलं नाही. ओमेगा-3 मधली ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची मेदाम्लं जमिनीवरच्या पिकांच्या तेलात नसतात. स्कॉटलंडमधल्या पाळीव सामनमध्ये 2006 ते 2015 या काळात त्यांचं प्रमाण साधारण निम्मं झालं. जो गुण सांगून हा मासा विकला जातो, त्यालाच ही कात्री लागली. ‘मासा तोच आहे’ हे म्हणणं मला तरी अर्धवट वाटतं.

आपल्या रोहू-कटल्याला हा बदल नवा नाही. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड हे आपल्याकडच्या तळ्यांतलं जुनंच खाद्य. आंध्रात कोल्लेरूच्या परिसरात भोकं पाडलेल्या पिशव्यांत तेल काढलेला कोंडा आणि पेंड भरून त्या पाण्यात टांगतात. मासे येऊन त्या भोकांतून टिपत राहतात. पेंड स्वस्त, पण ओलसर जागी ठेवली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या कर्करोगाने घेरलं होतं, तेव्हा दोष निघाला तो बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीचा. कोंदट गोदामात पोती रचणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

रोहूची अडचण फॉस्फरसची आहे. कोंड्यात आणि पेंडीत तो भरपूर असतो, पण फायटिक आम्लात बांधलेला. माशाकडे ती गाठ सोडवणारं फायटेज विकर पुरेसं नसतं. फॉस्फरस विष्ठेतून तळ्यात जातो, पाणी शेवाळाने हिरवं होतं. कोंबडीच्या खाद्यात फायटेज मिसळण्याची युक्ती रुळलेली आहे. पण हे विकर आम्लात चांगलं काम करतं, आणि रोहूला जठरच नसतं, त्यामुळे आम्लही नाही. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी म्हणून रोहूच्या पिलांच्या खाद्यात फायटेजच्या जोडीला सायट्रिक आम्ल घालून पाहिलं. लिंबाला आंबटपणा देणारं हेच आम्ल. दोन्ही एकत्र असताना खाद्यातली खनिजं पिलांच्या अंगी जास्त लागली.