चाळीस किलोमीटर म्हणजे नक्की किती?

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ट्रायथलॉनवाल्यांच्या (म्हणजे एकाच शर्यतीत पोहणं, सायकल आणि पळणं करणाऱ्यांच्या) कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर डोकावा. स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट येत असतात: 40.01, 60.02, 10.00. आकडे इतके गुळगुळीत कसे, असा प्रश्न पडला तर एखाद्या मोठ्या सोसायटीच्या गेटपाशी जरा वेळ उभे राहा. घड्याळ 39.6 दाखवतंय म्हणून घामाघूम झालेला एखादा इसम पार्किंगमधल्या गाड्यांमधून सायकलच्या फेऱ्या मारताना दिसेल. वॉचमनलाही आता त्याचं काही वाटत नाही.

त्या शेवटच्या चारशे मीटरनी स्नायूंत काय फरक पडला? काहीच नाही. स्नायूच्या पेशीला किलोमीटर कळत नाहीत. काम सुरू झालं की पेशीतलं एटीपी हे इंधन खर्च होतं, त्याचा उरलेला अवशेष, एएमपी, साचायला लागतं, त्यावरून एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि पुढे नवी मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, तयार करण्याचे निरोप सुटतात. ही साखळी किती जोरात आणि किती वेळ चालली, एवढीच नोंद शरीर ठेवतं. मग सराव अंतरात मोजायचा की वेळेत? माझं मत आधीच सांगून टाकतो: सायकलवर अंतर हे अगदी कुचकामी माप आहे, पळताना ते अर्धंमुर्धं खरं आहे, आणि पोहण्याच्या तलावात मात्र चोख आहे.

आधी हे बघा, की आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधल्या सायकलच्या ज्या 180 किलोमीटरसाठी आपल्याकडची मंडळी पहाटे चारला उठतात तो आकडा आला कुठून. आयर्नमॅनची पहिली शर्यत 1978 साली हवाईतल्या ओआहू बेटावर झाली. पंधरा जण सुटले, बारा पोहोचले. पोहण्याचं अंतर तिथल्या एका जुन्या सागरी शर्यतीचं, पळण्याचं होनोलुलू मॅरेथॉनचं, आणि सायकलचं बेटाला वळसा घालणाऱ्या शर्यतीचं. ती मूळ 115 मैलांची. पोहणं संपतं तिथून सुटून मॅरेथॉन सुरू होते तिथे पोहोचायचं म्हणून तीन मैल कापले आणि उरले 112 मैल, म्हणजे 180 किलोमीटर. बेट थोडं मोठं असतं तर आज पुण्या-कोल्हापुरातले लोक 200 किलोमीटरसाठी झिजत असते. शरीरशास्त्राचा यात काडीचाही संबंध नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो: वारा.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला अडवतात त्या मुख्यतः दोन गोष्टी, रस्त्यावर घासणारे टायर आणि हवा. टायरचा अडथळा वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा बदलतो, आणि बेफाम बदलतो. वेग दुप्पट केला की दर सेकंदाला अंगावर येणारी हवा दुप्पट होते, शिवाय त्यातल्या प्रत्येक कणाला बाजूला सारायला लागणारा धक्काही दुप्पट जोराचा. म्हणजे रोध चौपट. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, हे शाळेत शिकलेलं असतंच; वेग पुन्हा एकदा गुणला की निव्वळ हवेसाठी लागणारी शक्ती आठपट. घनाचा नियम तो हाच.

आकडे घालून बघू. सायकलसकट 80 किलो वजनाचा, बऱ्यापैकी वाकून बसणारा माणूस वारा नसताना ताशी 30 किलोमीटरनं जातोय. त्याला साधारण 140 वॅट लागतात, त्यातले शंभरावर एकट्या हवेसाठी. त्यानं वेग 36 केला तर 220 वॅटच्या वर जातात. वेग वाढला 20 टक्के, मेहनत वाढली 60 टक्के! ग्रुपवर मात्र दोन्ही वेळचे ‘40 किलोमीटर’ सारखेच दिसतात.

आता यात वारा आणू. ताशी 15 किलोमीटरचा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलतील इतपतच. 20 किलोमीटर त्याच्या तोंडावर जायचं, तिथून वळून 20 परत यायचं. पुष्कळ अनुभवी सायकलवालेही म्हणतात, ‘जाताना गेलं ते येताना मिळतं, हिशोब बरोबर.’ नाही मिळत. 140 वॅट कायम ठेवले तर जाताना वेग येतो सुमारे 21.7 आणि येताना 39.7. सरासरी काढून 30.7 म्हणू नका. जायला 55 मिनिटं लागली, यायला 30. एकूण साडेपंच्याऐंशी मिनिटं. वारा नसता तर 80 लागली असती. तोट्याच्या बाजूला माणूस जास्त वेळ अडकतो आणि फायद्याची बाजू पटकन संपून जाते, म्हणून हिशोब जुळत नाही.

इथे एक गोम आहे. हवेचा रोध ठरतो तो हवेच्या सापेक्ष वेगावरून, पण शक्ती काढताना त्या रोधाला गुणायचं ते जमिनीवरच्या वेगानं. म्हणून समोरून 15चा वारा असताना 30 चा वेग राखणं हे वारा नसताना 45 नं जाण्याइतकं भयंकर नसतं, पण रोध मात्र 45 चाच असतो. आडव्या वाऱ्याची तर मजाच वेगळी. पुढे जाण्याचा वेग 30 आणि काटकोनातून येणारा वारा 15, तर अंगावर येणारी हवा पायथागोरसप्रमाणे साडेतेहतीसची. त्या रोधाचा जो भाग मागे खेचतो तो साध्या गणितानं 12 टक्क्यांनी वाढलेला निघतो, आणि तोही जाता-येता दोन्ही वेळा. वारा ‘आपल्या बाजूचा’ वाटायला तो बराचसा पाठीमागूनच असावा लागतो. (इथपर्यंत येऊन डोकं भणभणलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: वारा सुटलेल्या दिवसाचे 40 आणि बिनवाऱ्याच्या दिवसाचे 40 एकाच वहीत एकाखाली एक लिहून बेरीज करू नये.)

घाटाचं गणित त्या मानानं सरळ. 80 किलो वजन 600 मीटर उंच न्यायला 4,70,000 ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. 140 वॅटनं ती पुरवायला 56 मिनिटं. ती उंची आठ किलोमीटरात चढलात की दहा, गुरुत्वाकर्षणाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पळण्याकडे वळलं की चित्र पालटतं, आणि मला ते फार आवडतं. सपाटीवर पळताना दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, आणि वेग कमी-जास्त केला तरी हा आकडा फारसा हलत नाही. 60 किलोच्या माणसानं एक किलोमीटर पाच मिनिटांत काढला काय नि सात मिनिटांत काय, खर्च 60 च्या आसपासच. तेव्हा इंधन मोजायचं असेल तर पळताना अंतर हे खरोखर चांगलं माप आहे. पण शरीराची झीज काही इंधनापुरती नसते. तीन तासांत मॅरेथॉन संपवणारा मिनिटाला 170 पावलं टाकत असेल तर त्याची 30,600 पावलं होतात. साडेपाच तास लावणाऱ्याची, मिनिटाला 160 धरली तरी, 52,800. प्रत्येक पावलाला गुडघा आणि घोटा वजनाच्या काही पट भार घेतात. वर अडीच तास जास्तीचं ऊन! दोघांच्या वहीत 42 हाच आकडा, आणि हळू पळणाऱ्याला आपण वर ‘नवशिक्या’ म्हणतो. म्हणूनच बरेच कोच आठवड्यातल्या लांब पळण्याला अंतराची नाही, अडीच-तीन तासांची मर्यादा घालतात. मे महिन्यात तर हे पाळावंच. उकाड्यात वेग तोच राहिला तरी नाडी चढत जाते, कारण रक्ताचा मोठा वाटा अंग थंड ठेवायला त्वचेकडे वळलेला असतो.

आणि मनगटावरच्या घड्याळाचं अंतर तरी खरं असतं का? 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश यायला किती वेळ लागला, हे मोजून घड्याळ स्वतःची जागा ठरवतं. म्हणजे अंतराच्या पोटात वेळच आहे. खुद्द मीटरची व्याख्याही 1983 पासून प्रकाश एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढा जातो तेवढं अंतर, अशी आहे. घड्याळानं पकडलेला प्रत्येक बिंदू दोन-चार मीटर इकडेतिकडे थरथरतो. सरळ रस्त्यावरचे असे थरथरते बिंदू जोडले की रेषा नागमोडी होते, आणि नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच असते. मॅरेथॉनचा मार्ग मोजणारे सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून, वळणांच्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या वाटेनं मोजतात आणि वर हजाराला एक मीटर जास्त धरतात. तरी शेवटच्या रेषेवर ‘माझ्या घड्याळात 42.6 आले, आयोजकांनी घोळ घातला’ म्हणून भांडणारा एक जण भेटतोच.

आकड्यांच्या भक्तीचा विषय निघालाच आहे तर रोजच्या 10,000 पावलांचंही सांगतो. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर तो आला. चालणं उत्तमच, पण 9,700 वर थांबल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मनगटावर मंतरलेला धागा बांधणारे आणि तिथेच महागडं घड्याळ बांधून त्याच्या ‘रिकव्हरी 43 तास’ला, म्हणजे एवढी विश्रांती घ्या या हुकमाला, प्रमाण मानणारे, यांच्यातलं अंतर मला काही मोजता आलेलं नाही.

पोहणाऱ्यांना मात्र मी मीटर मोजू देतो. तलावाची भिंत हलत नाही, वारा नाही, चढ नाही. ‘100 मीटर दहा वेळा, दर सव्वादोन मिनिटांनी सुटायचं’ असं म्हटलं की अंतर आणि वेळ दोन्ही एका वाक्यात बांधले जातात. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असल्यामुळे डोकं जरा वर उचललं की त्याची किंमत लगेच वेळेत दिसते. फक्त 25 मीटरच्या टाकीतली वेळ 50 मीटरच्या टाकीतल्या वेळेशी ताडू नये. भिंतीला लाथ मारून मिळणारा फुकटचा वेग 25 च्या टाकीत दुप्पट वेळा मिळतो. समुद्रात, गोव्याच्या मिरामारला किंवा कुठेही, प्रवाह आणि लाटा आल्या की पुन्हा सायकलचीच गत.

मिनिटांनाही खोट आहेच. पुण्यातली ‘तीन तासांची राइड’ म्हणजे पुष्कळदा सव्वादोन तास सायकल आणि पाऊण तास मिसळ. उतारावर पाय न हलवता गेलेली दहा मिनिटंही दहाच मोजली जातात. म्हणून नुसती वेळ लिहून भागत नाही, जोर किती हेही हवं. पॉवर मीटर (सायकलवर शक्ती मोजणारं यंत्र) असेल तर वॅट. नसेल तर पूर्ण वाक्य बोलता येतंय की दोन-तीन शब्दांत दम लागतोय, एवढी खूणही चालते. पण अंतराची खोट जास्त वाईट. ‘आज 60’ ठरवलं की लवकर संपवायचा मोह होतो आणि हलका ठेवायचा दिवस नकळत शर्यतीचा होतो. ‘आज दोन तास’ असेल तर घाई करून काही वाचत नाही.

शर्यतीच्या दिवशी अंतर ठरलेलंच असतं. तिथेही खाण्याचा हिशोब मिनिटांचा ठेवा. आतड्यातले ग्लुकोज वाहून नेणारे रेणू ताशी साधारण 60 ग्रॅमच्या पलीकडे शोषत नाहीत. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे मिश्रण घेतलं आणि पोटाला सवय लावली तर 90 पर्यंत जाता येतं. ताशी 60 ग्रॅम साखरेनं 180 किलोमीटर साडेसहा तासांत झाले तर 390 ग्रॅम पुरतील. दुपारी वारा सुटून तेच साडेसात तासांचे झाले तर 450 लागतात, म्हणजे एका जेलमध्ये (पाकिटातल्या साखरेच्या घट्ट पाकात) 25 ग्रॅम धरले तर जवळपास अडीच जेल जास्त. तीन टाका खिशात.