टेबलावरचे रणगाडे : मागणी देण्याआधी एवढं वाचा

सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल म्हणजे किती वावर? टेबलावरच्या युद्धखेळासाठी छोटे रणगाडे विकणाऱ्या आमच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी हेच विचारतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. १/७२ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या गाड्या मांडल्या तर ते टेबल पावणेतीन एकरांच्या थोडं वर भरतं. १/१०० मापात साडेपाच एकर होतं. आणि १/२८५ मापात, जिथं माणूस जेमतेम सहा मिलिमीटर उंच असतो, तेच टेबल पंचेचाळीस एकरांच्या जवळ जातं. आपल्या सैन्यात रणगाड्यांची एक स्क्वॉड्रन म्हणजे १४ रणगाडे. पावणेतीन एकरांत १४ रणगाडे उभे केले की लढाई दिसत नाही, बैलबाजार दिसतो.

आमचं काम पुलगाव-आर्वी रस्त्याच्या आत एका गावात, घराच्या पडवीत चालतं. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळच, त्यामुळे लष्करी रंगाचे ट्रक इथल्या पोरांना नवे नाहीत. मोठ्या माणसांना मात्र आमचा धंदा अजून उमगायचा आहे. शेजारचे आजोबा दर आठवड्याला येऊन विचारतात, "हे लेकरायचं खेळणं व्हय का रे?" आम्ही म्हणतो, "नाही आजोबा, मोठ्यायचं." मग ते जास्तच काळजीत पडतात.

खेळ थोडक्यात असा. दोन बाजू, दोघांकडे छोट्या गाड्या आणि शिपाई, टेबलावर टेकड्या, नाले, घरं. आळीपाळीनं चाल, टेपनं अंतर मोजायचं, फाशांवर नेम लागला की नाही ते ठरतं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्यानं आणलेल्या युद्धखेळात तर गाड्या-घोडे नव्हतेच. १:८००० च्या नकाशावर ठोकळे सरकवायचे आणि फासे टाकायचे. आज आपण ठोकळ्यांच्या जागी रणगाडे ठेवतो, एवढंच. म्हणून आमच्याकडून जाणारी प्रत्येक वस्तू हाताळण्यासाठी बनवलेली असते. काचेच्या कपाटात ठेवायचं १/३५ चं मॉडेल हवं असेल तर ते आम्ही करत नाही, आणि त्याची आम्हाला खंतही नाही.

कोणतं माप घ्यावं

टी-७२ रणगाडा तोफेसकट साडेनऊ मीटर लांब. १/७२ मध्ये तो १३२ मिलिमीटर होतो, १/१०० मध्ये ९५ आणि १/२८५ मध्ये ३३. त्याची १२५ मिमीची तोफ दोन किलोमीटरवरच्या रणगाड्यावर मारा करते. हे अंतर १/१०० मापात खरोखर ठेवायचं ठरवलं तर २० मीटर लागतील, म्हणजे तुमचा रणगाडा ओसरीत आणि शत्रूचा गुरांच्या कोठ्यापाशी. म्हणून बहुतेक नियमांत गाडीचं माप वेगळं आणि जमिनीचं वेगळं धरतात. नवीन माणूस इथंच अडतो आणि 'हे खोटं वाटतं' म्हणतो. खोटं आहेच. बुद्धिबळातला उंट तिरपा चालतो, खरा उंट कुठं तसा चालतो?

आमचं मत विचाराल तर आजच्या काळातली लढाई, चिलखती गाड्या आणि त्यातून उतरणारे शिपाई असं सगळं हवं असेल तर १/१०० घ्या. १९६५ किंवा १९७१ ची लढाई, थोड्याच गाड्या, पण जरा जवळून बघायच्या असतील तर १/७२ बरं. दोन मापं एकत्र करू नका. १/७२ चा शिपाई २४ मिमीचा, १/१०० चा १७ मिमीचा. शेजारी ठेवले की बाप-लेक दिसतात.

बीएमपीचं दार

कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे आपल्या भागात बीएमपी-२ या शिपाई वाहणाऱ्या चिलखती गाडीत बसून नोकरी केलेले पेन्शनर बरेच. सुरुवातीला आम्ही एका गिऱ्हाइकासाठी मागची दारं उघडलेली बीएमपी केली. पातळ प्लॅस्टिकचे दोन तुकडे कापले, चिकटवले, रंगवले, फार छान दिसत होतं. दुकानात एक निवृत्त हवालदार आले होते. त्यांनी गाडी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अरे बाप्पा, हे दार का पत्र्याचं हाय? ते पोकळ राह्यते, त्यात डिझेल राह्यते." खरंच आहे. बीएमपीची मागची दोन्ही दारं जाड, पोकळ, आणि त्यांच्यात इंधनाची टाकी. आत सहा शिपाई पाठीला पाठ लावून बाहेरच्या बाजूला तोंड करून बसतात, सातवा पुढं चालकाच्या मागं. तेव्हापासून आमच्या उघड्या दारांची जाडी १/१०० मध्येसुद्धा नखानं जाणवते.

अशा गोष्टी चुकल्या तर रंग कितीही चांगला असो, जाणकार माणूस बाजूला ठेवतो. टी-५५ रणगाड्याला एका बाजूला पाच चाकं, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकात मोकळी जागा जास्त. सारख्या अंतरावर बसवली की तो टी-५५ राहत नाही. शिवाय त्याच्या वरच्या बाजूला पट्टा धरणाऱ्या छोट्या पुल्या नाहीत, पट्टा चाकांवरच टेकून लोंबतो. टी-७२ ला सहा चाकं आणि वर पुल्या आहेत, तिथं पट्टा वर उचललेला हवा. टी-७२ चा धूर डाव्या बाजूनं निघतो, म्हणून काजळी तिकडंच. उजवीकडं काजळी लावून मागणारे गिऱ्हाईक येतात, "शोभा येईल" म्हणतात. आम्ही लावत नाही.

गेल्या काही वर्षांत रणगाड्यांच्या बुरुजावर, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावर, ड्रोनपासून बचावासाठी लोखंडी जाळीचं छप्पर दिसू लागलं आहे. ते हवं असेल तर तसं लिहून द्या. जाळी आम्ही जुन्या मच्छरदाणीची लावतो. फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यात बुडवून ताणून वाळवली की ती कडक होते आणि कात्रीनं सरळ कापता येते.

वाकलेल्या तोफा

आम्ही गाड्या तीन प्रकारांत देतो: प्लॅस्टिकचे जोडायचे संच, थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेल्या, आणि धातूच्या. प्लॅस्टिकच्या संचाला प्लॅस्टिकचाच सिमेंट लावा, तो दोन्ही तुकडे विरघळवून एकजीव करतो. रेझिन आणि धातूला फेव्हिक्विक. फटी एम-सीलनं भरा. रेझिनचे तुकडे आमच्याकडून धुऊन, उन्हात पक्के करून येतात, त्यामुळे तुम्हाला ओल्या रेझिनला हात लावावा लागत नाही. पण घासताना मास्क लावा, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नका. धातूचे जुने तुकडे कुठून दुसऱ्या हातानं आणलेत तर त्यात शिसं असू शकतं. हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका, आणि लहान लेकरांच्या हाती देऊ नका.

आता तोफा. मागच्या एका मे महिन्यात आम्ही बारा टी-७२ पार्सलनं पाठवले. खोकं दिवसभर टपावर तापलं आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचले तेव्हा बाराही तोफा खाली मान घालून होत्या, जणू सगळे एकाच दंडातलं पाणी पीत आहेत. रेझिनची किंवा प्लॅस्टिकची तोफ वाकली तर घाबरू नका. वाटीभर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बोटानं सरळ करा, लगेच थंड पाण्यात सोडा. त्या बारा तोफा अशाच सरळ झाल्या, पण गिऱ्हाइकाचा सूर सरळ व्हायला दोन महिने लागले.

त्यानंतर आम्ही १/१०० च्या रणगाड्यांना सायकलच्या स्पोकची तोफ बसवतो. स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा असतो. टी-७२ च्या तोफेची बाहेरची जाडी १/१०० मध्ये जवळपास तेवढीच येते. सहा सेंटिमीटरचा तुकडा करवतीनं कापायचा, टोक कानशीनं सपाट करायचं, बुरुजात भोक पाडून फेव्हिक्विकनं बसवायचं. ही तोफ वाकत नाही. टेबलावरून पडली तर फरशीला खड्डा पडतो, ती तशीच.

रंग, तीन फुटांवरून

आमचा नियम एकच : टेबलाशी उभं राहून बघायचं, भिंग घेऊन नाही. बाटलीतला ऑलिव्ह हिरवा जसाच्या तसा लहान गाडीवर मारला की गाडी काळी दिसते. गाडी जितकी लहान, तितका रंग फिका हवा. पण फिका करायला नुसता पांढरा घालू नका, खडूसारखा होतो. थोडा बदामी किंवा फिका पिवळा घाला. प्रायमर, मूळ रंग, मग पातळ तपकिरी-काळ्या पाण्याचा वॉश, जो फटींत उतरून बसतो, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांवर फिका रंग. चिलखताच्या विटा, चाकं, झाकणं सगळं या शेवटच्या दोन पायऱ्यांनी उठून येतं.

१५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला जो नवा चौकोनी ठिपक्यांचा गणवेश आला, तो शिपायांवर मागणारे बरेच आहेत. खऱ्या कापडावरचा बोटभर चौकोन १/१०० मध्ये दोन दशांश मिलिमीटर होतो. तो कोणी रंगवू शकत नाही, आणि रंगवलाच तर तीन फुटांवरून दिसत नाही. आम्ही एक मधला मातकट हिरवा देतो, त्यावर दोन छटांचे बारीक ठिपके. डोळे रंगवत नाही. १७ मिलिमीटरच्या माणसाला डोळे काढले की तो भूत बघितल्यासारखा दिसतो.

ऊन, पाऊस, कापूस

पारा ४५ च्या वर गेला की स्प्रेतला रंग गाडीपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि गाडीवर रव्यासारखा बसतो. ब्रशचा रंगही ताटलीत सुकतो. उन्हाळ्यात रंगवायचंच असेल तर पसरट डबीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्यावर काढा. पहाटे बसा.

पावसाळ्यात उलटी गत. एका श्रावणात आम्ही पूर्ण कंपनी, गाड्या आणि शिपाई, रंगवून मॅट व्हार्निश मारलं. सकाळी बघतो तर सगळ्यांवर पांढरी साय. कारण हवेतली ओल. रंग वाया गेला असं वाटून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. मग कोरडा दिवस बघून आधी चकचकीत व्हार्निशचा एक हात ब्रशनं दिला, साय विरली, आणि त्यावर पुन्हा मॅट. तुमच्याकडे असं झालं तर रंग खरवडू नका, हेच करा.

म्हणून आमचं स्प्रेचं काम दिवाळी ते होळी चालतं. नेमका तोच कापसाचा हंगाम. गावात गाड्या जिनिंगकडं जात असतात आणि ओल्या रंगावर तंतू येऊन बसतात. खिडक्या बंद करून, जमिनीवर पाणी शिंपडून काम करतो, तरी एखाद्या रणगाड्यावर केस सापडलाच तर तो कापूस आहे, आमचा नाही.

माती कुठली लावायची

तळाच्या चकतीवर आमच्याकडे खरी माती लावून मिळते. शेतातली माती तव्यावर भाजतो, म्हणजे तिच्यात किडे होत नाहीत, मग फडक्यानं चाळून फेव्हिकॉलवर भुरभुरतो. तुरीचं कुटार बारीक केलं की वाळलेलं गवत होतं, चहाचा धुतलेला चोथा पालापाचोळा. पण एक विनंती : गाडी जिथली, माती तिथली. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतले पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे मागवून त्यांना आपली काळी कपाशीची माती लावा म्हणणारे लोक आहेत. ते रान शकरगडच्या बाजूचं, नदीच्या गाळाचं, फिक्या धुळीचं. गरीबपूरच्या लढाईतले पीटी-७६ रणगाडे हवे असतील तर बंगालचा ओला चिखल. २१ नोव्हेंबर १९७१ ची ती धुक्यातली सकाळ होती, धूळ नव्हती. काळी माती आम्ही फक्त काल्पनिक लढाईला लावतो, किंवा तुम्ही स्वतःच्या वावरात लढणार असाल तर.

संदर्भासाठी फोटो पाठवायचे तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन काढलेले चालतील, तिथं परवानगी विचारून घ्या. डेपोच्या किंवा कुठल्याही मनाईच्या लष्करी हद्दीतले फोटो आम्हाला पाठवू नका. ते आम्ही उघडत नाही.

मागणी कशी द्यायची

माप, काळ, कोणत्या सैन्याच्या गाड्या, किती, जोडलेल्या की सुट्या, रंगवलेल्या की नुसत्या, आणि तुमच्या टेबलाची लांबी-रुंदी लिहून द्या. दरपत्रक वेगळं छापलं आहे. अर्धे पैसे आधी. रंगवलेला माल मे महिन्यात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाठवत नाही, कितीही घाई असली तरी. तुटलेली वस्तू पहिल्या महिन्यात फुकट दुरुस्त करून देतो. मांजरानं पाडली, लेकरानं चावली, दोन्ही चालतं.

घरी जुनी सायकल पडली असेल तर तिचे स्पोक घेऊन या. वीस स्पोकांमागं एक शिपाई देऊ.