शरीराला गंज चढतो म्हणून गोळी?

पुण्यात टेकड्यांच्या पायथ्याशी सकाळी रसाचे ठेले लागतात. फलकावर हटकून ‘अँटिऑक्सिडंट’, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी झीज रोखणारा पदार्थ. औषधाच्या दुकानात त्याच नावाच्या कॅप्सूल. वय वाढलं की पेशींना गंज चढतो, तो थांबवला की हृदयविकार आणि मधुमेह लांब राहतात, असं यामागचं गणित.

ते निम्मंच बरोबर आहे. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत, अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने पुढे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. पहिल्या व तिसऱ्या प्रथिन-संकुलापाशी मात्र काही इलेक्ट्रॉन मधेच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. तो सुपरऑक्साइड, गंजाचं मूळ. एसओडी हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, पुढे कॅटलेजसारखी विकरं त्याचं पाणी करतात.

खरी गंमत पेरॉक्साइडची. कीप-१ हे प्रथिन एनआरएफ-२ या प्रथिनाला पकडून सतत मोडीत काढत असतं. पेरॉक्साइड थोडं वाढलं की कीप-१ मधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी त्याची अभिक्रिया होते आणि हे मोडीचं काम थंडावतं. मग नवा बनलेला एनआरएफ-२ केंद्रकात पोचून ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, तयार करणारी आणि इतर संरक्षक जनुकं चालू करतो. म्हणजे थोडा ताण हाच बंदोबस्ताचा हुकूम. व्यायामाने तेच घडतं. २००९ च्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व, ही दोन अँटिऑक्सिडंट, दिली, तर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांचा सुधारला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे आणखी एक अँटिऑक्सिडंट दिल्यावर तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला.

इलेक्ट्रॉनची ही गळती फार वाढली की मात्र दाह सुरू होतो. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियामुळे मॅक्रोफेज या संरक्षक पेशीतला एनएलआरपी-३ हा प्रथिनांचा संच जुळतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन बाहेर पडतं. त्यामुळे इंटरल्यूकिन-६ हे तसंच दुसरं प्रथिन वाढतं, आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे प्रथिन बनवतं; रक्तातल्या त्याच्या प्रमाणावरून दाह कळतो. ते बारकाईने मोजणाऱ्या एचएस-सीआरपी या रक्तचाचणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी चांगलं, ३ च्या वर हृदयाला धोका जास्त. १० च्या वर आलं तर बहुधा संसर्ग असतो; तो बरा झाल्यावर दोनेक आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. सर्दी-तापात किंवा दाढ सुजलेली असताना चाचणीचे पैसे घालवू नयेत.

पोटातली चरबी हे अशा मॅक्रोफेजचं आवडतं ठिकाण, आणि वजनकाटा ती दाखवत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधक डॉक्टरांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच २२.३ होता; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. म्हणून टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावं. पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०; त्यापुढे गेलं की कॅप्सूलचे पैसे चालायच्या बुटांवर खर्च करावेत.