चेकेट्टी की वागानोवा? आधी विचारा, आजचा वर्ग कोणी बांधला

चेकेट्टी आणि वागानोवा या बॅले शिकवण्याच्या दोन पद्धती, त्या त्या शिक्षकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. 'वागानोवा रशियन, चेकेट्टी इटालियन' एवढ्यावर विषय मिटवणारे पाहिले की मला राहवत नाही. एन्रिको चेकेट्टी १८९२ ते १९०२ पीटर्सबर्गच्या शाही नृत्यशाळेत शिकवत होते आणि अग्रिपिना वागानोवा १८९७ साली त्याच शाळेतून बाहेर पडल्या. इटालियन गिरक्यांचा पक्केपणा वागानोवांनी जाणूनबुजून आपल्या पद्धतीत घेतला. पाय कानाला लागला की 'वागानोवा' म्हणणंही सोडा. तो हव्यास बऱ्याच नंतरचा.

अरबेस्क म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणलेली मुद्रा. तिचे क्रमांक लावलेले प्रकार दोन्हीकडे वेगळे आहेत, हे खरं. चेकेट्टीत पाच, वागानोवात चार. चेकेट्टीच्या तिसऱ्यात दोन्ही हात पुढे, वागानोवाच्या तिसऱ्यात एकच. एका दुपारीत पाठ होतं.

खरी गल्लत वर्गाच्या रचनेत होते. चेकेट्टींनी वर्गच बांधून ठेवला. बारवरचा, म्हणजे आधाराचा दांडा धरून करायचा, व्यायाम रोज तोच, पुढे प्रत्येक वाराला नेमून दिलेलं काम: सोमवारी आसांब्ले, गुरुवारी जेते (दोन्ही उड्यांचे प्रकार). एका आठवड्यात सुरुवात उजवीकडून, तर पुढच्या आठवड्यात डावीकडून. १९२२ साली लंडनमध्ये नृत्यलेखक बोमाँट आणि नर्तक इद्झिकोव्स्की यांनी हे सारं पुस्तकात उतरवलं. क्रम आठवण्यात विद्यार्थ्याची शक्ती जात नाही. कालच्यापेक्षा आज वळण स्वच्छ झालं का, एवढंच बघायचं.

वागानोवांचं १९३४ चं पुस्तक काय आधी आणि काय नंतर शिकायचं ते सांगतं. कुठली हालचाल आधी बारला धरून, सावकाश करायची आणि ती मोकळ्या जागेत कधी आणायची, हा क्रम पक्का. पण आज त्या हालचाली कशा गुंफायच्या, ते शिक्षकाने ठरवायचं, समोरची मुलं पाहून.

म्हणून परीक्षेच्या वर्गाचा व्हिडिओ पाहून हालचालींची तीच जुळणी वर्षभर घोटून घेणं म्हणजे वागानोवा नव्हे. ती जुळणी त्या शिक्षकाने त्या मुलांसाठी केलेली असते. वागानोवाचं नाव लावून घोकंपट्टी चालते, याचा मला खरंच राग येतो.

माझा कौल विचाराल, तर शिक्षकाला रचना जमत नसेल तिथे निःशंक चेकेट्टी घ्या. त्यातले आडाजिओ, म्हणजे संथ लयीतल्या हालचालींचे क्रम, इतके सुंदर बांधलेले आहेत, की नवशिक्या शिक्षकाच्या हातीही मुलांना चांगलं काही मिळतं. वागानोवा शिकायचं असेल, तर सलग दोन दिवस वर्ग बघायला जा. दोन्ही दिवशी अक्षरशः तीच जुळणी दिसली, तर ती का बदलली नाही हे शिक्षकांनाच विचारा.